जर्मन साहेबाचा शेरा

मी साताऱ्याला गेलो तो एका वहीतलं एक पान मिटवून घ्यायला. हवापाणी, किल्ला आणि देवळं यांची माहिती ज्यांना हवी असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं. कंदी पेढे मी खाल्ले. ते चांगले होते.

वही आमच्या गावच्या कन्याशाळेच्या बांधकामाची. मी खानदेशातला ठेकेदार. वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहत सुरुवात केली आणि कुणाच्या शिफारशीशिवाय ठेकेदार झालो. आमच्या धंद्यात प्रत्येक कामावर अशी वही असते. नकाशे काढणारा साहेब पाहणीला आला की जे खटकेल ते तिच्यात लिहून सही करतो. त्याला शेरा म्हणतात. ठेकेदारानं ते काम दुरुस्त करायचं आणि शेऱ्याखाली ‘हुकमाप्रमाणे केले’ असं लिहायचं. मग साहेबानं पाहून पुन्हा सही करायची. तेव्हा शेरा मिटतो. ज्यानं लिहिला त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला तो मिटवता येत नाही.

कन्याशाळेचे नकाशे एर्न्स्ट फेल्डनर नावाच्या जर्मन साहेबानं काढले होते. सपाट गच्ची, लांबच लांब खिडक्या. हा माणूस मला कधी ठेकेदार म्हणाला नाही, नेहमी मिस्त्री म्हणाला. त्याला चुन्यात गूळ घातलेला चालत नसे. आमच्याकडे चुना मळायच्या घाण्यात गुळाचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या घालतात, म्हणून मी तो यायच्या आधी पहाटेच घालून घेत असे. एक दिवस तो पहाटेच आला. त्यानं वही मागवली आणि इंग्रजीत लिहिलं: ‘चुन्यात गूळ मिसळला आहे. संपूर्ण गिलावा पाडून नव्याने करावा. ठेकेदार सांगितलेले ऐकत नाही. त्याच्यावर विश्वास ठेवू नये.’ खाली सही. त्या पानावर तेवढं एकदाच त्यानं मला ठेकेदार म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लढाई सुरू झाल्याची बातमी आली आणि पोलीस त्याला शत्रूचा माणूस म्हणून घेऊन गेले. पुढे तो साताऱ्याच्या नजरकैदेच्या छावणीत असल्याचं कळलं. शेरा राहिला. शाळा भरली, मुली शिकल्या, काहींची लग्नं झाली, शेरा तिथेच. जिल्ह्यात कुठलंही मोठं काम निघालं आणि मी टेंडर भरलं की कुणीतरी त्या पानाची नक्कल खिशातून काढतो. यंदा जिल्ह्याच्या गावी मोठ्या दवाखान्याचं काम निघणार होतं. त्याच आठवड्यात पेपरात वाचलं की छावण्यांमधल्या जर्मनांना बोटीनं परत पाठवणार. साहेब समुद्रापार गेला की माझा शेरा अमर झाला. मी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कपाटातून वही घेतली आणि निघालो. चोरली, असं आमच्याकडे काही लोक म्हणतात. चिटणीस त्या वेळी खोलीत होते. झोपले होते, हा त्यांचा दोष.

सातारा

छावणी गावाबाहेर आहे. मला वाटलं होतं तोफा असतील. तिथे पत्र्याच्या बराकी, दोऱ्यांवर वाळत घातलेली पोरांची झबली आणि कोबीचे वाफे होते. बरीचशी छावणी रिकामी झाली होती. फाटकावरच्या शिपायानं मला आत सोडलं नाही. मी आवाज चढवला, त्यानंही चढवला, आणि तो आवाज ऐकून एक म्हातारा गवंडी हातात थापी घेऊन बाहेर आला.

“आवं पाव्हणं, कशापायी वरडताय? कोन पायजे?”

“फेल्डनर साहेब.”

“साहेब हितं न्हाई. सांगलीला हाय. गुळाची वखार बांधतोय. सरकारनं सोडलाय त्येला तेवढ्यापुरता, तारखेला हजर व्हायाचं या बोलीवर. आठ दिसांनी बोट हाय त्येची.” मग माझ्या काखेतल्या वहीकडे बघून म्हणाला, “काय वो, तुमीबी पोलिसातलं का?”

याचं नाव तात्या. साठीचा, नखं चुन्यानं खाल्लेली. छावणीच्या डागडुजीवर तो सहा वर्षं होता आणि साहेबाला त्यानंच मराठी शिकवली असं त्याचं म्हणणं. शिपाई त्याला ‘मामा’ म्हणत होता, त्यामुळे मग मीही आत गेलो.

“चला, साहेबाचं काम दावतो,” असं म्हणून त्यानं मला बराकींच्या मागे नेलं आणि संडासांपुढे उभं केलं.

मी सांगितलं की मी चारशे मैलांवरून आलोय.

“व्हय. मंग बघा की नीट. वास येतोय का?”

येत नव्हता. भिंतीला वरच्या बाजूला जाळी सोडली होती आणि वारा जिकडून येतो तिकडे दारं नव्हती. मी पंचवीस वर्षं बांधकामं केली, असा संडास मला सुचला नव्हता. ते मी तात्याला सांगितलं नाही.

दुपारी खानावळीत जेवलो. वाघ्या घेवड्याची आमटी आणि शाळूची भाकरी. आमटीत गूळ होता. आमच्याकडे आमटीत गूळ घातला तर पाहुणा पानावरून उठतो. मी वाढप्याला तसं म्हणालो. तो म्हणाला, “साखर घालू का?” हे लोक चेष्टा करतात की विचारतात ते चेहऱ्यावरून कळत नाही.

तात्या दुसऱ्या दिवशी सांगलीला निघालाच होता, साहेबाच्या वखारीवर. मी त्याच्याबरोबर जायचं ठरवलं.

मोटारीत

मोटार कोळशावर चालणारी होती. लढाई संपली तरी पेट्रोल अजून मोकळं झालेलं नाही. मोटारीच्या पाठीला शेगडीसारखं पिंप लावलेलं असतं, त्यात कोळसा जाळून निघणाऱ्या धुरावर इंजिन चालतं. चालतं म्हणजे सपाटीला. चढ आला की उतारू खाली उतरतात आणि मोटारीबरोबर चालत जातात. मी तिकिटाचे पैसे निम्मे परत मागितले. ड्रायव्हर म्हणाला, “पाव्हणं, तुमी चालताय, पर तुमचं गठुडं बसलंय की वर.” गठुड्यात वही होती. मी पुढे चालू लागलो.

चालता चालता तात्यानं विचारलं, “त्या वहीत हाय तरी काय?” मी पान वाचून दाखवलं आणि साहेब कसा चुकीचा होता ते सांगितलं. गूळ काय मी नवीन घातला? बापजाद्यांपासून घालतात. आणि तो गूळही असा तसा नव्हता, सांगलीच्या अडत्याकडून मी पत्रानं मागवला होता, आमच्या तालुक्यात कुणाला कधी मिळाला नाही अशा भावात.

“मंग गिलावा कसा हाय आता?” तात्या म्हणाला.

खरं सांगायचं तर गिलाव्याला लोणा लागतो. दर पावसाळ्यानंतर पांढरी पूड बाहेर येते आणि पोपडे पडतात. पण तो दोष साहेबाच्या सपाट गच्चीचा. पागोळी पडायला छप्परच नाही, मग भिंत ओली होणार. हे मी सात वर्षं सगळ्यांना सांगत आलोय आणि तात्यालाही सांगितलं.

तो म्हणाला, “गूळ चाखला व्हता का?”

“चुन्यात घालायचा गूळ कोण चाखतो?”

“आमी चाखतो,” तात्या म्हणाला. मग चढ संपला आणि आम्ही मोटारीत बसलो.

कऱ्हाडला मोटार तास दीड तास थांबली. तिथली वांगी चांगली. भरताला चालणार नाहीत, आमच्या वांग्यांची सर नाही, पण मसाला भरून करतात ती उत्तम. दोनदा मागून घेतली.

सांगली

सांगली संस्थान आहे, म्हणून आपल्याला काही वेगळं दिसेल असं वाटतं. दिसतं ते इतकंच की सगळ्या गावाला गुळाचा आणि हळदीचा वास आहे. बाजारात गुळाच्या ढेपा भिंतीसारख्या रचलेल्या असतात आणि गाई त्यांच्याकडे बघून पुढे जातात. त्यांचं पोट भरलेलं असावं.

वखार गावाबाहेर रस्त्याला लागून होती. दगडाच्या जोत्यावर जाड भिंती, वर उंच छप्पर. होय, छप्पर. चांगली दोन हात बाहेर आलेली वळचण. मी ते पाहूनच तापलो. त्या छपराच्या सावलीत एक गोरा माणूस अर्ध्या चड्डीवर, पायांत चपला, चुन्याच्या घमेल्यात हात घालून बसला होता. केस सगळे पांढरे झाले होते. मी ओळखलं आणि त्यानंही.

“अरं, गूळवाला!” तो म्हणाला. “ये रं गड्या, बस. लय म्हातारा झाला तू.”

मला ‘रं’ म्हणणारा हा पहिला युरोपियन. सात वर्षांपूर्वी हा माणूस ओव्हरसियरमार्फत इंग्रजीत बोलत असे. आता तो तात्याची मराठी बोलत होता, तात्यासारखीच मान हलवून. चारशे मैल मी मनात जे भाषण रचत आणलं होतं ते सगळं आदरार्थी होतं. ते फुकट गेलं.

“तुम्हाला मी तीन पत्रं पाठवली,” मी म्हणालो.

“आली की.” त्यानं आत हाक मारली. त्याची बायको, लिझेबाई, एक पत्र्याची पेटी घेऊन आली. त्यात माझी तिन्ही पत्रं होती. वकिलाच्या कारकुनाकडून मी ती इंग्रजीत लिहून घेतली होती. छावणीच्या तपासनिसानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळी शाई फासली होती. पहिल्या पत्रात ‘महाशय’ आणि ‘आपला नम्र’ एवढंच शिल्लक होतं. तिसऱ्यात ‘महाशय’सुद्धा नव्हतं.

“मला छावनीच्या साहेबांनी बोलावलं,” तो म्हणाला. “इचारलं, चुना म्हंजे काय, गूळ म्हंजे काय, भिंत पाडायची म्हंजे कोनती? दोन दिस इचारलं. मी म्हनलं, चुना म्हंजे चुना.”

लिझेबाईनं जेवायला वाढलं. भाकरी तिनं सुरीनं कापली होती, तिकोनी, पुरणपोळी कापावी तशी, आणि वर काकवी ओतली होती. बाई भाकरी मोडत नाहीत हे पाहून तात्या तोंड फिरवून बसला. मी दोन तुकडे खाल्ले. तेवढ्या वेळात मी त्या माणसाला त्याची माहिती विचारली. ज्याच्याशी भांडायचं त्याचा इतिहास ठाऊक असावा, हा माझा नेम आहे.

त्याचा बाप वीटभट्टीवाला. हे ऐकून मी जरा सावरून बसलो. भट्टीवाल्याचा पोर असून मला मिस्त्री म्हणत होता. लहानपणी त्यानं विटा वाहिल्या, मग शिकला, मोठ्या शहरात गेला आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या, पाचशे बिऱ्हाडांच्या, सपाट गच्चीच्या. मग तिकडचं सरकार बदललं. नव्या सरकारला दोन गोष्टी खपेनात. एक सपाट गच्ची आणि दुसरी लिझेबाई, कारण ती ज्यू. त्याला सांगण्यात आलं की दोन्ही सोड. त्यानं एकही सोडली नाही, म्हणून नोकरी गेली आणि तो हिंदुस्थानात आला. काठेवाडातल्या एका राजानं राजवाडा बांधायला बोलावलं. जोतं झालं आणि राजा वारला. नव्या राजाला मोटारींचा षोक, त्यानं जोत्यावर मोटारी उभ्या केल्या. मग मुंबईत तीन सिनेमा थिएटरांचे दर्शनी भाग. मग आमची शाळा. मग पोलीस.

“ज्या सरकारला भिऊन पळालो,” तो म्हणाला, “त्येचाच मानूस म्हून धरला मला.”

“मग सात वर्षं काय केलंत?”

“संडास,” तात्या मध्येच म्हणाला, अभिमानानं.

“संडास, कोंबड्यांचं खुराडं, नाटकाचं स्टेज,” साहेब म्हणाला. मग लिझेबाईनं काहीतरी जर्मन भाषेत सांगितलं आणि तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “त्या चाळी बाँबनं गेल्या. पत्र आलंय. एकबी न्हाई राह्यली. थेटरं दोन पाडली, एक जळलं.” त्यानं हात पुसले. “तुजी शाळा उभी हाय का रं?”

मी सांगितलं, उभी आहे.

“मंग दाव ती वही.”

त्यानं चष्मा लावला आणि पान दोनदा वाचलं. मी दौत आणि टाक काढून ठेवला. तो म्हणाला, “बरोबर लिवलंय.”

इथे मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. तात्यानं नंतर मला सांगितलं की त्यातले दोन शब्द त्याला नवीन होते. साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि मला वखारीच्या मागच्या भिंतीकडे नेलं. तिथे गिलाव्याचे तीन चौकोन करून ठेवले होते, ताटाएवढे. त्यावर एक पावसाळा गेला होता. पहिल्या चौकोनात नुसता चुना होता, त्याला बारीक चिरा. दुसरा गूळ घातलेला. तो पेढ्यासारखा घट्ट आणि गुळगुळीत, नख लागत नव्हतं. तिसऱ्यावर पांढरी पूड, पोपडे. तो चौकोन मी कुठेही ओळखला असता.

“दुसऱ्यात गूळ हाय, तिसऱ्यातबी गूळ हाय,” तो म्हणाला. “मी म्हनत व्हतो गूळ वाईट. ते माजं चूक. तात्यानं दावलं. गूळ चांगला. पर तिसरा गूळ चोपण रानातला. खारट रान, खारट ऊस, खारट गूळ. भिंतीत मीठ घातलं तर भिंत मीठच देनार. तू कोनता घातला?”

मी म्हणालो, मी उत्तम घातला. सांगलीचाच. त्या अडत्याला आणून तुमच्यासमोर उभा करतो.

बाजार

अडत्या तोच होता, गादीवर बसलेला, आता जरा जाड झालेला. इथे गुळाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. आमच्याकडे बैलबाजारात हीच रीत आहे. त्यानं मला गिऱ्हाईक समजून हात पुढे केला. मी तो झटकला आणि चारचौघांसमोर विचारलं, सात वर्षांपूर्वी तू मला खारट गूळ पाठवलास की नाही?

त्यानं राग धरला नाही. माझं गाव विचारलं, थोडा वेळ आठवलं आणि म्हणाला, “व्हय की शेठ. तुमचं पत्र ध्यानात हाय माज्या. तुमी लिवलं व्हतं, ‘सगळ्यांत हलका धाडा, खायचा नाही.’ घरात सगळ्यांनी वाचलं ते पत्र. मी चोपणातला धाडला. तो ढोरांबिगर कोन घेत न्हाई. तुमी पुन्ना घासाघीस केली तवा म्या इचारात पडलो, ह्यो मानूस गुळाचं करतोय काय?”

आजूबाजूचे लोक हसले. कुणीतरी म्हणालं, “शाळंला चारला आसंल.”

तात्या हसला नाही. त्यानं एका ढेपेत सुरी खुपसून तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. मग कोपऱ्यातल्या काळ्या, ओलसर ढेपेतला दुसरा. मी दोन्ही खाल्ले. दुसरा खाल्ल्यावर जिभेवर गोड आधी येतं आणि मग मागून मीठ. अगदी थोडं. पण येतं.

मी त्या दिवशी सौदा केला नाही. धर्मशाळेत जाऊन पडलो. मला ताप आला होता असं समजा.

निरोप

दुसऱ्या दिवशी मी वखारीवर गेलो तेव्हा पेट्या बांधून झाल्या होत्या. संध्याकाळच्या गाडीनं त्यांना मुंबईला जायचं होतं. मी माझा प्रस्ताव मांडला: पहिलं वाक्य आणि शेवटची दोन वाक्यं खोडावी, गिलाव्याचं राहू द्यावं.

तो म्हणाला, “शेरा खोडत न्हाईत. तुला ठावं हाय. हुकूम पुरा कर, मी सही करतो.”

“भिंत खानदेशात. तुमची गाडी संध्याकाळी.”

“व्हय.”

“मग निदान शेवटचं वाक्य खोडा. ‘विश्वास ठेवू नये’ हे. ऐकत नाही, हे राहू द्या. त्याला माझी हरकत नाही.”

लिझेबाई पेटीवर बसून ऐकत होती. ती मोडक्या मराठीत म्हणाली, “एर्न्स्ट, दे ना. तो लांबून आला.”

त्यानं टाक घेतला. मला वाटलं, पटला सौदा. त्यानं एकही शब्द खोडला नाही. शेऱ्याखाली चार बोटं जागा कोरी सोडली आणि त्याखाली लिहिलं: ‘पाहिले. काम समाधानकारक. शेरा मिटवला.’ सही केली, तारीख घातली नाही आणि वही माझ्याकडे सरकवली.

“वरती तू लिव,” तो म्हणाला. “झाल्यावर.”

मी त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिलो. तिथे मी धर्मशाळेत बसूनसुद्धा ‘हुकमाप्रमाणे केले’ लिहू शकत होतो. त्याला ते कधी कळलं नसतं. बरं, त्याच्या सहीच्या तीन इंच वर ‘विश्वास ठेवू नये’ हे त्याच्याच अक्षरात तसंच होतं. आयुष्यात मी हजार सौदे केले, पण माल न बघता पावती देणारा माणूस पाहिला नव्हता. मी त्याला म्हणालो की हा व्यवहार मूर्खपणाचा आहे.

“आसंल,” तो म्हणाला. “गूळ चाखून घे रं.”

स्टेशनावर तात्या रडला. मी हमालाशी भांडत होतो, त्यामुळे गाडी हलली तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं.

परतताना अडत्याकडे गेलो. ढेपा चाखून घेतल्या, एकूण एक, आणि उपरण्याखाली त्याची बोटं दाबून दाबून भाव पाडला. तो म्हणाला, “शेठ, तुमी बदलला न्हाईत.” मी म्हणालो, माल दाखव, गप्पा नकोत.

घरी

दवाखान्याच्या टेंडरची मुदत शाळेच्या सुटीच्या आठ दिवस आधी संपत होती. वर्गात मुली असताना गिलावा पाडता येत नाही. वहीतली जागा कोरीच राहिली आणि मुदत संपली. त्यावर मी अधिक लिहीत नाही.

सुटी लागली त्या सकाळी मी चार गवंडी, पहारी आणि टिकाव घेऊन शाळेत गेलो. पहिला टिकाव पडताच मुख्याध्यापिकाबाई धावत आल्या. कुणाच्या परवानगीनं, असं त्यांनी विचारलं. मी वहीतलं पान पुढे केलं. त्यांना इंग्रजी चांगलं येतं. त्यांनी वरचं वाचलं, मधली कोरी जागा पाहिली, खालचं वाचलं आणि चष्मा काढला.

“अहो, पण इथे तर काम झालेलं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “समाधानकारक म्हणून साहेबांची सहीसुद्धा आहे. मग आता पाडताय कशाला?”

“बाई,” मी म्हणालो, “जरा बाजूला व्हा. डोळ्यांत चुना जाईल.”